न आलेल्या पेशंटची ओळ : बीपीच्या रजिस्टरपासून सुरुवात कशी करावी

नोकरीला लागून चार महिने झाले होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसीच्या) मासिक सभेत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की आपल्याकडे तपासलेल्या बीपीच्या पेशंटपैकी सत्तर टक्के लोकांचं बीपी आटोक्यात आहे. निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर मागे बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तपासलेल्यांपैकी ना सर? आणि जे आलेच नाहीत ते?"

गणित कळावं म्हणून आकडे गोल करून सांगतो. रजिस्टरला नावं 300. तपासायला आले 150. त्यातल्या 105 जणांचं बीपी 140/90 च्या खाली, म्हणजे आटोक्यात. 105 ला 150 ने भागलं की 70 टक्के, 300 ने भागलं की 35. भागाकार दोन्ही बरोबर. पण पहिला आकडा दवाखान्याची पायरी चढलेल्यांपुरताच बोलतो. ज्यांची गोळी सुटलीय, ज्यांना लकव्याची भीती जास्त, ते बहुतेक उरलेल्या दीडशेत असतात.

हा लेख नव्यानं रुजू झालेल्या मेडिकल ऑफिसर (एमओ), समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), सिस्टर आणि डेटा एंट्रीवर बसवलेल्या मुलामुलींसाठी आहे. एक्सेल उघडता येतं आणि टक्केवारी काढता येते, एवढं पुरे. उदाहरण बीपीचं घेतलंय, कारण ते मोजायला सोपं, गोळी स्वस्त आणि पेशंट प्रत्येक गावात. शुगर, टीबी, गरोदर माता, काहीही घ्या, वाट हीच.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा

'आधी डेटा गोळा करू, मग बघू त्यातून काय निघतं' या वाटेला जाऊ नका. चाळीस रकान्यांचं रजिस्टर तयार होतं, पहिले दोन आठवडे भरलं जातं आणि मग कपाटावर जातं. मी स्वतः असं एक रजिस्टर छापून घेतलं होतं. त्यात 'आहार' नावाचा रकाना होता आणि त्यात सगळ्यांनी 'मिश्र' लिहिलं होतं.

प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोण, काय, किती दिवसांत आणि कशाच्या तुलनेत. उदाहरणार्थ : 'आमच्या उपकेंद्राच्या पाच गावांत जूनअखेर नोंद असलेल्या बीपीच्या पेशंटपैकी किती जणांचं बीपी जुलै ते सप्टेंबरमधल्या शेवटच्या भेटीत 140/90 च्या खाली होतं, आणि त्याआधीच्या तिमाहीत किती जणांचं होतं?' वाक्य लांब आहे, चालेल. पण आता कोणते रकाने लागणार आणि कोणते लागणार नाहीत, हे कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरी पायरी : सरकारी आकडे आधी पाहा, पण त्यांचा स्वभाव ओळखा

फुकट मिळणारी माहिती भरपूर आहे. अडचण ही, की नवा माणूस सगळ्या पोर्टलना एकाच मापानं मोजतो. मला तरी यांचे दोन प्रकार करून ठेवल्यावर गोंधळ थांबला: डोकी मोजणारे आणि माणसामागे जाणारे.

डोकी मोजणाऱ्यांत पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. त्याची पाचवी फेरी 2019-21 ची. प्रत्येक जिल्ह्याचं तथ्यपत्रक त्यात मिळतं आणि 15 वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांत किती जणांचं बीपी वाढलेलं आहे किंवा किती जण त्यावर गोळ्या घेतात, तेही असतं. हा आकडा तुम्हाला तुमच्या रजिस्टरची उंची सांगतो. समजा तुमच्या गावांत 15 वर्षांवरचे 6000 लोक आहेत आणि जिल्ह्याचा आकडा 20 टक्के आहे. मग साधारण 1200 जण अपेक्षित, आणि तुमच्या रजिस्टरला 300. नऊशे जण तुम्हाला माहीतच नाहीत. अर्थात सर्वेक्षणात सगळी रीडिंग एकाच दिवशी घेतात, त्यामुळे हे सगळे 1200 पक्के बीपीचे रुग्ण धरू नका. अंदाजाला मात्र हे पुरतं.

दुसरी एचएमआयएस, म्हणजे आरोग्य संस्थांच्या मासिक अहवालांची सरकारी प्रणाली, 2008 पासूनची. संस्थेनं महिन्यात किती काम केलं, ते तिथं कळतं. पण मार्चमध्ये आलेली शांताबाई एप्रिलमध्ये परत आली का, हे ती सांगू शकत नाही, कारण तिथं शांताबाई नाहीच, फक्त एक आकडा आहे.

माणसामागे जाणाऱ्यांत टीबीचं निक्षय पोर्टल, 2012 पासूनचं. नोंदणीपासून उपचार संपेपर्यंत एकेका रुग्णाचा माग तिथं राहतो. बीपी, शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांचं एनसीडी पोर्टलही त्याच जातीचं. तीस वर्षांवरच्या लोकांची आशाताई जी प्रश्नावली भरतात, ज्याला सगळे 'सीबॅक फॉर्म' म्हणतात, तिथून ही साखळी सुरू होते.

परिणाम सुधारायचे असतील तर दुसऱ्या प्रकारची नोंद लागते. पहिल्या प्रकारची नोंद तुलनेसाठी ठेवा.

संशोधन शोधायला पबमेड ही वैद्यकीय लेखांची मोफत वेबसाइट पुरे. इंग्रजीत आजार, ठिकाण आणि उपाय, असे तीन-चार शब्द टाका. मग डावीकडच्या गाळणीतून मोफत पूर्ण लेख आणि आढावा लेख निवडा. लेख हातात आला की सारांशाचं शेवटचं वाक्य वाचून बंद करू नका. आधी पहिलं कोष्टक पाहा: किती लोक घेतले, कुठले, आणि शेवटपर्यंत किती उरले. सुरुवातीला पाचशे आणि शेवटी तीनशे असतील, तर मधले दोनशे कुठं गेले हे लेखकानं सांगितलंय का, ते शोधा. ज्या लेखात हे सापडत नाही, तो मी बाजूला ठेवतो.

थोडं थांबून : गडचिरोली आणि बार्शी

ही पायरी नाही. पण रजिस्टर भरताना कंटाळा येतो, आणि तेव्हा या दोन गोष्टी मला उपयोगी पडल्या आहेत.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. 650 पैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1989 साली आला. दवाखान्याचं रजिस्टर उघडून बसलं असतं, तर या जिल्ह्यात स्त्रीरोग फारसे नाहीत असाच निष्कर्ष निघाला असता.

नंतर नवजात बाळांचं काम. उपचार सुरू करण्याआधी त्यांनी 1993 ते 95 अशी दोन वर्षं जन्म आणि मृत्यू नोंदवण्यात घालवली. 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवायची, असा बेत होता. मोजणी दोन्हीकडे होती. गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशेबानं, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. 1999 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत आशाताईंच्या ज्या भेटी आज होतात, त्यांचं मूळ या कामात आहे. मला यात सगळ्यांत जास्त आवडतात ती पहिली दोन वर्षं. डोळ्यांदेखत बाळं दगावत असताना आधी नीट मोजायचं, याला निराळाच धीर लागतो. पण ती मोजणी नसती तर 62 हा आकडाच नसता, आणि तो नसता तर दिल्लीत कुणी ऐकलं नसतं.

बार्शीची कथा कॅन्सरची. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी मुंबईत 1963 मध्ये सुरू झाली. शहरात हॉस्पिटलं आणि लॅब असतात, तिथून नावं मिळतात. खेड्यात काय करणार? बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिच्यात होती. पेशंट हॉस्पिटलात येईना, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. लोकांशी लक्षणांबद्दल बोलली, संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. नोंदणी करता करता लोक लवकर दाखवायला येऊ लागले.

पुढे याच संस्थेच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांची मोठी चाचणी झाली. 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रिया आणि चार गट: एकात एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणी, एकात पॅप स्मिअर (पेशींची तपासणी), एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी आणि एकात नेहमीची सेवा. आठ वर्षांनी पाहिलं, तर एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू नेहमीच्या सेवेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यू नक्की कमी झाले, असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही. तिन्ही तपासण्या कागदावर चांगल्याच वाटत होत्या. आठ वर्षं कोण आजारी पडली, कोण गेली, याची नोंद ठेवणारं कुणी नसतं, तर तिन्ही सारख्याच ठरल्या असत्या.

आता परत आपल्या उपकेंद्रात.

तिसरी पायरी : दोन पानांचं रजिस्टर

एक्सेलमध्ये एक फाइल, तिच्यात दोन पानं.

पहिल्या पानावर एका माणसाची एकच ओळ: कोड नंबर, पूर्ण नाव, गाव आणि वस्ती, वय, लिंग, मोबाइल, बीपी पहिल्यांदा कधी निघालं ती तारीख, आणि शेवटी 'मृत्यू किंवा स्थलांतराची तारीख'. दुसऱ्या पानावर प्रत्येक भेटीची एक ओळ: कोड नंबर, तारीख, वरचं बीपी, खालचं बीपी, औषध आणि डोस, किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढची तारीख.

बहुतेक जण भेट 1, भेट 2, भेट 3 असे आडवे रकाने वाढवत नेतात. तसं करू नका. वर्षाअखेरीस ती शीट उजवीकडे इतकी पळते, की मोजायला जमत नाही. भेटी खाली खाली वाढू द्या.

बारीकसारीक गोष्टींत माझे अनेक रविवार गेले, म्हणून सांगतो. वरचं आणि खालचं बीपी वेगवेगळ्या खान्यांत लिहा. '140/90' एकाच खान्यात टाकलंत तर एक्सेलला तो आकडा दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. जुन्या सवयीनं कुणी '12/8' लिहिलं तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. तारखेत महिना अक्षरांत लिहा, नाहीतर 5 जुलैचा 7 मे होतो आणि पेशंट दोन महिने आधी येऊन गेलेला दिसतो. मोजलं नसेल तर खाना रिकामा सोडा, शून्य टाकू नका. शून्य बीपीचा माणूस सरासरी पार बुडवतो.

नावं हे वेगळंच प्रकरण आहे. एकच बाई माहेरच्या गावात एका आडनावानं आणि सासरी दुसऱ्या आडनावानं नोंदलेली असते. कुणी रोमन लिपीत शिंदे लिहिताना 'एच' घालतं, कुणी गाळतं. म्हणून महिन्यातून एकदा गाव आणि वयानुसार क्रम लावा आणि डोळ्यांनी पाहा. सरकारी आरोग्य ओळखीचा चौदा अंकी आभा क्रमांक असेल तर काम सोपं होतं. पण सगळ्यांचे आभा निघेपर्यंत वाट पाहत बसू नका, आपला साधा कोड चालू करा. मोबाइल कुणाचा आहे तेही लिहा. आमच्याकडे आजीच्या नावापुढचा नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या नातवाचा निघायचा, आणि 'आजी का आली नाही?' याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसायचं.

चौथी पायरी : आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी शेवटचा अंक मोजा

ही माझी आवडती पायरी आहे. दहा मिनिटांत होते आणि कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवते.

वरच्या बीपीची शंभर-दोनशे रीडिंग घ्या आणि शेवटचा अंक कोणता ते मोजा. डिजिटल मशीन असेल तर 0 ते 9 हे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत, म्हणजे प्रत्येक जवळपास 10 टक्के. पाऱ्याच्या किंवा डायलच्या मशीनवर दोन-दोनच्या रेघा असतात, तिथं 0, 2, 4, 6, 8 प्रत्येकी 20 टक्क्यांच्या आसपास हवेत. तुमच्या रजिस्टरमध्ये साठ-सत्तर टक्के रीडिंग शून्यावर संपत असतील, तर माप अंदाजे लिहिलं जातंय. 130/80 ची रांगच रांग दिसली, तर काही वेळा मशीनला हातही लागलेला नाही असं समजा.

हे गमतीचं नाही. आपली रेघ 140 वर आहे. 140 चं 138 झालं काय आणि 142 चं 138 झालं काय, माणूस 'आटोक्यात नाही' मधून 'आटोक्यात' मध्ये जातो तो याच दोन-चार अंकांत.

कुणावर ओरडू नका. कारण बहुतेक वेळा साधं असतं: सेल संपलेले, पट्टा फाटलेला, मोठ्या दंडाचा पट्टाच नाही, किंवा बाजाराच्या दिवशी ओपीडीला दीडशे माणसं. सेल बदला, पट्टा मागवा. पेशंटला पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवा, दोनदा मोजा, आणि महिन्यानं पुन्हा शेवटचा अंक मोजा. ही तपासणी स्वतःच्या रीडिंगवर आधी करायची. माझी शून्यं निम्म्याच्या वर निघाली होती.

पाचवी पायरी : छेद ठरवा आणि भिंतीवर लिहा

अंश आणि छेद शाळेत शिकलो. सगळी मखलाशी छेदात होते.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात त्याचे पहिले जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. औषधांचा ठरलेला प्रोटोकॉल, पुरेसा साठा, घराजवळ गोळ्या हे सगळं त्यात होतंच. पण मला त्यातली मोजायची पद्धत मोलाची वाटते. तिमाहीच्या आधीपासून नोंद असलेल्या प्रत्येकाला तीनपैकी एका टोपलीत टाकायचं: आटोक्यात, आटोक्यात नाही, आणि आलाच नाही. तिन्हींची बेरीज म्हणजे छेद. यात कुणाला लपायला जागा नाही, मोजणाऱ्यालाही नाही.

मृत्यू झालेल्यांना छेदातून काढा, पण त्यांची यादी वेगळी ठेवा आणि कारण लिहा. गाव सोडून गेलेल्यांचं काय करायचं, याचा नियम आधी ठरवून लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'वर्षभर गावात नसेल आणि आशाताईंनी खात्री केली असेल तरच वगळायचं'. नियम नसेल तर आकडा वाईट आला, की स्थलांतरितांची संख्या आपोआप वाढते. कुणी खोटं बोलत नाही, पण वाढते खरी.

टक्केवारीसोबत मूळ आकडे नेहमी द्या. '35 टक्के (300 पैकी 105)' असं लिहिलं की समोरच्याला सगळं कळतं. वीस पेशंटच्या उपकेंद्रात एक माणूस इकडचा तिकडे झाला की पाच टक्क्यांचा फरक पडतो, त्यावर पेढे वाटू नका आणि मेमोही देऊ नका.

सहावी पायरी : तिसरी टोपली उचला आणि घरोघरी जा

आता खरं काम. न आलेल्यांची यादी गाववार काढा. आशाताईंना प्रत्येकी पाच-सात नावं द्या, सगळी एकदम नको. त्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "मावशी, गोळ्या संपल्यावर काय झालं?" 'का आला नाहीत?' असं विचारलं की लोक सबब सांगतात.

उत्तरं नोंदवा आणि ढीग करा. आमच्याकडचे ढीग साधारण असे होते. बरं वाटतंय, मग गोळी कशाला? मागच्या वेळी आलो तर औषधच नव्हतं. एसटी सकाळची एकच, आणि ओपीडीची रांग संपेपर्यंत परतीची गाडी जाते. सुनेला सुट्टी नाही, सोबत कोण येणार? आणि दिवाळीनंतरचा सगळ्यांत मोठा ढीग: ऊसतोडीला गेले. ऊसतोडीच्या गावांत कारखाने चालू असतात तेवढे महिने रजिस्टरचे आकडे कोसळतात, आणि त्यात दवाखान्याचा दोष शोधून उपयोग नाही. टोळी निघायच्या आधीच्या आठवड्यात जास्त दिवसांच्या गोळ्या आणि प्रोटोकॉल लिहिलेलं कार्ड हातात द्यावं लागतं.

प्रत्येक ढिगावरचा उपाय वेगळा. 'बरं वाटतंय' वाल्यांशी बोलावं लागतं, 'औषध नव्हतं' वाल्यांसाठी साठ्याचं रजिस्टर तपासावं लागतं, एसटीवाल्यांना गोळ्या उपकेंद्रातच मिळायला हव्यात. ढीग न करता सरसकट 'जनजागृती शिबिर' घेतलं, की फोटो छान येतात आणि तिसरी टोपली तशीच राहते.

सातवी पायरी : एका वेळी एकच बदल, आणि रेघ

सगळ्यांत मोठा ढीग निवडा, एक बदल करा, तीन महिने द्या. दर महिन्याचा आकडा कागदावर ठिपका म्हणून मांडा. किमान दहा-बारा ठिपके झाले की मध्यगा काढा, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, आणि तिथं आडवी रेघ ओढा. सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले, तर काहीतरी खरंच बदललंय. रेघेवर पडलेले ठिपके या मोजणीत धरायचे नाहीत. एखादा महिना वर, एखादा खाली, हे चालतच असतं.

इथं एक सापळा आहे, आणि त्यात चांगले शिकलेले लोकही पडतात. या महिन्यात ज्यांचं बीपी 160 च्या वर होतं, असे पन्नास जण निवडले, त्यांना योगासनं शिकवली, आणि पुढच्या महिन्यात सरासरी दहा-बारा अंकांनी उतरली. योगाचा गुण? असेल. पण योग न शिकवताही ती काही अंकांनी उतरली असती. त्या दिवशी 160 दिसण्यात खरं बीपी किती, आणि चालत आल्याची धाप, कंडक्टरशी झालेलं भांडण, चुकलेली गोळी किती? वरच्या टोकाची माणसं निवडली की पुढच्या वेळी त्यातली बरीच मधल्या बाजूला सरकतात. अशा पन्नासांवर 'यशोगाथा' लिहिण्याआधी तशाच दुसऱ्या पन्नासांचं काय झालं ते पाहा. गडचिरोलीतली ती 47 गावं याचसाठी होती. तुमच्याकडे शेजारचं उपकेंद्र आहे, तिथल्या सिस्टरांना विचारा. बदल आधी तुमच्याकडे करू, तीन महिन्यांनी त्यांच्याकडे, असं ठरवलं तर दोघांचंही भलं होतं आणि तुलनाही मिळते.

परवानगी आणि गुप्तता

स्वतःच्या दवाखान्याचं काम सुधारायला स्वतःच्या नोंदी वापरत असाल, तर वरिष्ठांची लेखी संमती घेऊन सुरू करा. पण तुम्ही नवा उपाय ताडून पाहणार असाल, किंवा निष्कर्ष बाहेर छापणार असाल, तर ते संशोधन झालं. त्याला नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी हवी, नंतर घेता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआरची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी वाचा. जवळच्या मेडिकल कॉलेजात समिती असते आणि तिथल्या पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागातले लोक सहसा मदत करतात. लोकांवर उपाय करून पाहण्याची चाचणी असेल, तर पहिला माणूस सहभागी होण्याआधी ती भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंदवा. ही नोंदणी 2007 पासून आहे, मोफत आहे.

नाव आणि मोबाइल असलेलं पान वेगळं ठेवा, त्याला पासवर्ड लावा. विश्लेषणाला फक्त कोड असलेलं पान वापरा. रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, ती बंद करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी त्या ग्रुपवर कुणाचा तरी मेहुणा असतोच. आणि नाव काढलं म्हणजे माणूस लपला असंही नाही. सहाशे वस्तीच्या गावात 'स्त्री, 34, एचआयव्ही' एवढं लिहिलं तरी ती कोण ते अख्ख्या गावाला कळतं. अहवालात पाचपेक्षा कमी माणसांचा गट आला, की तो शेजारच्या गटात मिळवून टाका.

आपल्या खात्यात बदल्या होतातच. म्हणून पहिल्या दिवसापासून फाइलसोबत एक पान ठेवा: प्रश्न काय, छेद कोणता, कुणाला वगळायचं, कोणता बदल कोणत्या तारखेला केला. तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ते पान वाचून पुढच्या महिन्याचा ठिपका मांडता आला पाहिजे. फाइलचा पासवर्ड मात्र त्याच पानावर लिहू नका. मी लिहिला होता.